कादंबरीतली मुलगी जिवंत झाली आणि समीक्षक शेवटावरून भांडले : 'रुबी स्पार्क्स'ची गोष्ट

'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' हे शब्द तुम्ही कुठल्यातरी रीलखाली, मीममध्ये किंवा सिनेमाच्या ग्रुपवर नक्की वाचले असतील. मुलगी जरा वेडसर, हसरी, कपडे रंगीबेरंगी, आवडीनिवडी जगावेगळ्या. तिचं स्वतःचं असं काही काम नसतं. उदास, अबोल हिरोच्या आयुष्यात ती येते आणि त्याला जगायला शिकवते. तिला स्वतःला काय हवं असतं, हे मात्र दोन तासांत कुणी विचारत नाही.

या लेबलवर अमेरिकेत जो मोठा वाद झाला, त्याच्या मधोमध एक छोटा सिनेमा उभा होता. २०१२ चा 'रुबी स्पार्क्स'. लिहिणं अडलेला एक कादंबरीकार स्वप्नातल्या मुलीवर लिहायला बसतो आणि एके सकाळी ती मुलगी त्याच्या स्वयंपाकघरात उभी असते. वरवर बघितलं तर गोड रोमँटिक कॉमेडी. समीक्षकांनी कौतुकही भरपूर केलं. पण एका प्रसंगावर आणि त्यानंतरच्या शेवटावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

(पुढे सिनेमाचा शेवट सांगितलेला आहे. त्याशिवाय हा वाद समजणार नाही. बघायचा राहिला असेल, तर आधी बघून या.)

गोष्ट काय आहे?

कॅल्विन वियर-फील्ड्स हा लॉस एंजेलिसमध्ये राहणारा लेखक. एकोणिसाव्या वर्षी पहिली कादंबरी आली आणि ती प्रचंड गाजली. लोक त्याला 'जीनियस' म्हणू लागले. त्याला दहा वर्षं झाली, दुसरी कादंबरी आलेली नाही. पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या मोठ्या घरात तो, त्याचा टाईपरायटर आणि स्कॉटी नावाचा कुत्रा एवढेच राहतात. कुत्र्याचं नाव लेखक एफ. स्कॉट फिट्झगेराल्डवरून ठेवलेलं, यावरून माणूस ओळखावा. मित्र नाहीत. गर्लफ्रेंड सोडून गेलेली. हक्काने बोलायला माणसं दोनच, एक भाऊ आणि दुसरा मानसोपचारतज्ज्ञ.

डॉक्टर त्याला गृहपाठ देतात. तुझा हा लाळ गाळणारा कुत्रा ज्याला आहे तसा आवडेल, अशा माणसाबद्दल एक पान लिही. वाईट लिहिलंस तरी चालेल. त्याच रात्री कॅल्विनच्या स्वप्नात एक मुलगी येते आणि तो झपाटल्यासारखा टाईप करत सुटतो. रुबी स्पार्क्स, वय २६, गाव ओहायोतलं डेटन. चित्रं काढते. गाडी चालवता येत नाही, कॉम्प्युटर नाही, आलेली बिलं उघडून बघत नाही. थोडक्यात, वर वर्णन केलेली 'ड्रीम गर्ल' शब्दशः.

मग ती खरोखर येते. आधी कॅल्विनला वाटतं आपल्याला वेड लागलं. पण ती बाकीच्यांनाही दिसते, तेव्हा त्याचा आनंद गगनात मावत नाही. भाऊ हॅरी मात्र हिशेबी. तो म्हणतो, हिच्याबद्दल आणखी काहीतरी टाईप करून बघ. कॅल्विन लिहितो की ती अस्खलित फ्रेंच बोलते, आणि शेजारच्या खोलीतून फ्रेंच ऐकू येऊ लागतं. हॅरीची प्रतिक्रिया अशी की जगातल्या तमाम पुरुषांच्या वतीने सांगतो, ही संधी वाया घालवू नकोस. कॅल्विन हस्तलिखित कपाटात ठेवून देतो. पुन्हा तिच्याबद्दल लिहायचं नाही, असं ठरवतो.

अर्थात तो लिहितो. रुबीला एकटेपणा जाणवायला लागतो, तिला स्वतःच्या मैत्रिणी हव्याशा वाटतात, तसा तो घाबरतो आणि टाईप करतो की कॅल्विनशिवाय ती दुःखी होते. लगेच ती त्याला इतकी चिकटते की तो फोनवर बोलत असला तरी हात सोडत नाही. मग तो लिहितो की ती सतत आनंदात असते. ते आणखीच भयंकर. प्रत्येक दुरुस्तीतून नवी चूक तयार होते. इथपर्यंत थिएटरमध्ये हशा असतो.

हा सिनेमा लिहिला कुणी?

इथे गंमत आहे. मुलीला मनासारखं लिहून काढणाऱ्या पुरुषाची ही गोष्ट एका मुलीने लिहिली, आणि रुबीचं काम करणारी अभिनेत्रीही तीच. झोई कझान. 'ऑन द वॉटरफ्रंट'वाले दिग्दर्शक एलिया कझान हे तिचे आजोबा. आई रॉबिन स्विकॉर्ड आणि वडील निकोलस कझान, दोघंही पटकथालेखक. म्हणजे लेखकाच्या घरात राहणं काय असतं, हे तिला बालपणापासून ठाऊक.

कल्पना सुचली ती टाकून दिलेल्या एका पुतळ्यावरून, कपड्यांच्या दुकानात असतो तसल्या. तो बघून तिला पिग्मॅलियनची ग्रीक कथा आठवली. वीसेक पानं झपाट्याने लिहिली आणि मग सहा महिने बाजूला ठेवून दिली. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते कळल्यावर पुन्हा हातात घेतली. म्हणायचं होतं ते असं की प्रेमाची कल्पना आणि प्रत्यक्ष प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅल्विनच्या भूमिकेत पॉल डेनो, जो तेव्हा प्रत्यक्षातही झोईचा जोडीदार होता. तिने भूमिका लिहिलीच त्याला डोळ्यांसमोर ठेवून. दिग्दर्शक जोनाथन डेटन आणि व्हॅलेरी फॅरिस हेही नवरा-बायको. या जोडीचा आधीचा सिनेमा म्हणजे २००६ चा 'लिटल मिस सनशाइन', ज्याला पटकथेचं आणि सहायक अभिनेत्याचं अशी दोन ऑस्कर मिळाली होती. त्यातही डेनो होता. त्यानंतर सहा वर्षं या दिग्दर्शकांचा एकही सिनेमा आला नव्हता. पहिल्या यशानंतर अडकलेल्या लेखकाची गोष्ट त्यांनी निवडावी, हा योगायोग लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही.

बाकीच्या भूमिकांत ॲनेट बेनिंग, अँटोनियो बँडेरस, एलियट गूल्ड, स्टीव्ह कूगन अशी दणदणीत नावं. कॅल्विनच्या व्यवसायाच्या वर्तुळातल्या एका छोट्या भूमिकेत आसिफ मांडवीही आहे. त्याचा जन्म मुंबईचा.

२०१२ मध्ये समीक्षक काय म्हणाले?

२५ जुलै २०१२ ला अमेरिकेत मोजक्या थिएटरांत सिनेमा लागला. एकूण सूर चांगला होता. 'रॉटन टोमॅटोज'वर तो ८० टक्क्यांच्या आसपास, तर 'मेटाक्रिटिक'वर साठीच्या घरात. हे दोन आकडे एकमेकांशी भांडतायत असं वाटेल, पण तसं नाही. पहिली साइट फक्त एवढंच मोजते की शंभरातल्या किती समीक्षकांना सिनेमा एकंदरीत बरा वाटला. 'ठीक आहे' म्हणणारा आणि 'अफाट आहे' म्हणणारा तिथे सारखाच. दुसरी साइट प्रत्येक परीक्षणाला गुण देऊन सरासरी काढते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. बहुतेकांना आवडला, पण हातचं राखून.

कौतुक कशाचं झालं? सगळ्यात आधी झोई कझानच्या लेखणीचं. ही तिची पडद्यावर आलेली पहिली पटकथा. पुढे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत उत्कृष्ट पटकथेसाठी तिला नामांकन मिळालं. पुरस्कार 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक'ने नेला, ज्याच्यापुढे त्या वर्षी भल्याभल्यांचं काही चाललं नाही. तिच्या अभिनयाचंही कौतुक झालं, आणि ते समजण्यासारखं आहे. क्षणात रडणारी, क्षणात हसणारी, तिसऱ्या क्षणी फ्रेंच बोलणारी बाई साकारायची आणि तरी तिच्यात खरं माणूस दिसत राहायला हवं. अवघड काम आहे. डेनोबद्दलही चांगलं लिहिलं गेलं. त्याने कॅल्विनला गोड केलं नाही, चिकट आणि आत्ममग्न राहू दिलं.

तुलना बऱ्याच झाल्या. पडद्यावरचा नायक थिएटरात उतरतो तो वुडी ॲलनचा 'द पर्पल रोझ ऑफ कैरो', आपलं आयुष्य कुणीतरी लेखिका लिहितेय हे नायकाला कळतं तो 'स्ट्रेंजर दॅन फिक्शन', आणि '५०० डेज ऑफ समर'. शेवटची तुलना मला जास्त नेमकी वाटते. तिथेही नायकाचं प्रेम समरवर कमी आणि त्याने मनात रचलेल्या समरवर जास्त असतं. फरक एवढाच की तिथे टाईपरायटर नाही.

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. एक किरकोळ. कॅल्विन रुबीला घेऊन बिग सरला आईकडे जातो, तो भाग बेनिंग-बँडेरस असूनही रेंगाळतो. पटण्यासारखी तक्रार आहे. दुसरी मात्र सिनेमाच्या गाभ्याला हात घालणारी होती.

त्या एका प्रसंगाचं काय करायचं?

शेवटाकडे एका पार्टीत भांडण होतं. घरी आल्यावर रुबी सामान भरते आणि निघते. दारात तिला अदृश्य भिंत लागल्यासारखं होतं. पाऊल पुढे पडतच नाही. कॅल्विनने तसं टाईप केलेलं असतं. मग तो तिला पानं दाखवतो, तू मीच लिहिलेली आहेस म्हणतो. ती विश्वास ठेवत नाही, तर सिद्ध करायला तो टाईप करू लागतो. ती फ्रेंच बोलते. कुत्र्यासारखी भुंकते. गाते, नाचते, रांगते. आणि शेवटी 'तू जीनियस आहेस, तू जीनियस आहेस' असं ओरडत उड्या मारत राहते, थकून जमिनीवर कोसळेपर्यंत.

या प्रसंगात गंमत औषधालाही नाही. थोड्या वेळापूर्वी ज्या फ्रेंचवर आपण हसलो होतो, तेच फ्रेंच आता घशात अडकतं. रोमँटिक कॉमेडी म्हणून तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला हा धक्का होता. काहींच्या मते इथे सिनेमाचा तोल गेला. इतका गडद प्रसंग या हलक्याफुलक्या गोष्टीला पेलत नाही, असं त्यांचं म्हणणं. इतरांना वाटलं की सिनेमा खरा सुरू होतो तो इथे. तोवरचा सगळा गोडवा आपल्याला इथवर आणण्यासाठीच होता.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. कारण हा प्रसंग अचानक येत नाही. कॅल्विनची प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा थोडी वाईट होत गेलेली आहे. पार्टीत त्याची जुनी गर्लफ्रेंड लायला भेटते आणि सांगून जाते की तुला माझ्याशी नातं नकोच होतं, तुझ्या मनातल्या कुणाशीतरी हवं होतं. त्याहून मोठा पुरावा तर सुरुवातीलाच आहे. कॅल्विन पहिली पानं हॅरीला वाचायला देतो, तेव्हा हॅरी म्हणतो की तू माणूस लिहिलेला नाहीस, नुसती 'मुलगी' लिहिली आहेस. जिच्या अडचणीही गोडच वाटतात अशी बाई खऱ्या आयुष्यात नसते. म्हणजे या सिनेमावर पुढे जी टीका होणार होती, ती पहिल्या अर्ध्या तासातच एका पात्राने करून टाकली आहे.

आणि मग तो शेवट

त्या भयानक रात्री कॅल्विन एक शेवटचं पान लिहितो. घराबाहेर पडताक्षणी रुबी त्याची राहणार नाही, ती मोकळी होईल. सकाळी घर रिकामं असतं. पुढे या अनुभवावरच तो नवी कादंबरी लिहितो आणि ती यशस्वी होते.

सिनेमा इथे संपला असता तर वाद झाला नसता. पण काही दिवसांनी स्कॉटीला फिरवायला तो बागेत जातो आणि तिथे रुबीसारखीच दिसणारी मुलगी बसलेली असते. हातात त्याचंच पुस्तक. तिला आधीचं काही आठवत नाही. दोघं बोलू लागतात, पुन्हा सुरुवात करायचं ठरतं. शेवट मात्र सांगायचा नाही, अशी तिची अट. पडदा.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक स्टीफन होल्डन यांना हे आवडलं. विमान अलगद धावपट्टीवर टेकावं तसं सिनेमा जमिनीवर येतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पण नेमकं हे अलगद टेकणंच बऱ्याच जणांना खटकलं. ज्याने एका बाईला भुंकायला लावलं, त्याला तीच बाई परत? तीही कोरी पाटी होऊन? त्याला सगळं आठवतंय, तिला काहीच नाही. ही नवी सुरुवात म्हणायची की जुनाच खेळ? माफी मागायचीसुद्धा वेळ त्याच्यावर येत नाही, कारण जिची मागायची तिला घडलेलं ठाऊकच नाही.

बाजू घेणारे सांगतात की बारकाईने बघा, या वेळी अट ती घालते आहे. टाईपरायटर कुठेही नाही. शिवाय ही खरंच रुबी आहे की दुसरीच कुणी, की कॅल्विनच्या नव्या कादंबरीचा शेवट, हे सिनेमा सांगत नाही. मला हा बचाव अर्धाच पटतो. पटकथेत तो आहे. पण पडद्यावर कोवळं ऊन, हिरवी बाग आणि हसरे चेहरे दिसतात, तेव्हा प्रेक्षक एवढा कीस पाडत बसत नाही. तो 'चला, जमलं एकदाचं' म्हणत उठतो.

मराठी माणसाला हा वाद ऐकल्यासारखा वाटला, तर त्याला कारण आहे. झोई कझानला आठवलेली पिग्मॅलियनची कथा म्हणजे आपणच घडवलेल्या पुतळीच्या प्रेमात पडलेल्या शिल्पकाराची. तिच्यावरून बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' नाटक लिहिलं, आणि त्याचं पुलंनी केलेलं मराठी रूप म्हणजे १९७५ ची 'ती फुलराणी'. भक्ती बर्वेंची मंजुळा कोण विसरेल! शॉने आपल्या नाटकाच्या शेवटी एलायझा आणि प्रोफेसर हिगिन्सची जोडी जमवली नव्हती. पण लोकांना ती जमायलाच हवी होती. १९१४ ला लंडनमध्ये हिगिन्सचं काम करणाऱ्या हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी शेवटी एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षक समजायचं ते समजतील. शॉ खवळला. पुढे छापील नाटकाला त्याने मोठा उपसंहार जोडला आणि एलायझा हिगिन्सशी नव्हे तर फ्रेडीशी लग्न करते, हे ठणकावून सांगितलं. उपयोग झाला नाही. १९३८ च्या सिनेमात एलायझा हिगिन्सकडे परत येतेच, 'माय फेअर लेडी'तही येते.

घडवणाऱ्या पुरुषाकडे घडवलेली बाई शेवटी परतावी, ही प्रेक्षकाची हौस इतकी जुनी आहे. 'रुबी स्पार्क्स'च्या शेवटावर भांडणारे समीक्षक नकळत शॉच्याच बाजूने भांडत होते.

लेबल लावणारा आणि लेबल नाकारणारी

आता सुरुवातीच्या त्या चार शब्दांकडे. 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' हा शब्दप्रयोग नेथन रेबिन या समीक्षकाचा. 'द ए. व्ही. क्लब'साठी तो आपटलेल्या सिनेमांवर एक सदर लिहायचा. जानेवारी २००७ मध्ये त्यात 'एलिझाबेथटाउन'वर लिहिताना कर्स्टन डन्स्टच्या पात्रासाठी त्याने हा शब्द वापरला. त्याचं म्हणणं होतं की अशी मुलगी फक्त हळव्या लेखक-दिग्दर्शकांच्या कल्पनेत राहते, आणि तिचं काम एकच, उदास तरुणांना जगण्याची गोडी लावणं. निरीक्षण अचूक होतं. 'गार्डन स्टेट'मधली नॅटली पोर्टमनही त्याने याच रांगेत बसवली.

शब्द पसरला. इतका की सिनेमात जरा हटके बाई दिसली रे दिसली की हा शिक्का बसू लागला. शब्द जन्मायच्या कितीतरी दशकं आधीच्या, १९३८ च्या 'ब्रिंगिंग अप बेबी'मधली कॅथरीन हेपबर्नसुद्धा यादीत गेली.

२०१२ मध्ये 'रुबी स्पार्क्स' आला आणि प्रत्येक मुलाखतीत झोई कझानला तोच प्रश्न. रुबी ही मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल का? तिने 'व्हल्चर'ला दिलेल्या मुलाखतीत सरळ सांगितलं की मला हा शब्दच आवडत नाही. वेगवेगळ्या स्वभावाच्या, स्वतःचं काहीतरी वेगळेपण असलेल्या सगळ्या बायकांना एका पोत्यात भरलं की त्यांच्यातला फरकच पुसला जातो. हे लेबलच स्त्रीद्वेष्टं आहे, असंही ती म्हणाली. पण त्याच वेळी तिने हेही मान्य केलं की गाण्यांची आवड आणि गोड कपडे एवढ्यावर मुलीचं पात्र उभं करणं वरवरचं आहे, आणि त्यावर तिला बोलायचं होतंच. कुणी मुद्दाम अर्धवट पात्र लिहीत नाही, काहींची मुलींबद्दलची कल्पनाशक्तीच तोकडी पडते, असं तिचं निदान. कॅल्विनचा आजार याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

गोंधळ कसा झाला बघा. सिनेमा या साच्याची चिरफाड करतो, म्हणून काही समीक्षकांनी त्याला 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्लला दिलेलं उत्तर' म्हणत डोक्यावर घेतलं. काहींना वाटलं की चिरफाड करता करता शेवटी तोच साचा परत वापरलाय. लेखिका म्हणत होती, मुळात हा साचा माझ्या सिनेमावर लावूच नका. रुबीला जसं कॅल्विनच्या पानातून बाहेर पडता येत नव्हतं, तसं सिनेमाला या लेबलातून बाहेर पडता येईना. तिने लिहिलेल्या गोष्टीचं समीक्षणाच्या जगात असं नाट्यरूपांतर झालं.

आणि मग समीक्षेत क्वचित घडतं ते घडलं. जुलै २०१४ मध्ये नेथन रेबिनने 'सलोन'वर लेख लिहून हा शब्द जन्माला घातल्याबद्दल चक्क माफी मागितली. झोई कझानच्या त्या मुलाखतीचा त्याने उल्लेख केला. आपण एक आळशी पुरुषी कल्पना पकडायला शब्द शोधला होता, पण लोक तो बायकांनाच झोडपायला वापरू लागले, ही त्याची खंत होती. शब्द आता निवृत्त करा, अशी विनंती त्याने केली. तुमच्या फीडवर एक नजर टाकली की त्या विनंतीचं काय झालं ते कळेल.

जाता जाता आणखी एक गोष्ट. 'रुबी स्पार्क्स' येण्याच्या महिनाभर आधी, जून २०१२ मध्ये गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' कादंबरी बाजारात आली. तिच्यातलं 'कूल गर्ल'बद्दलचं स्वगत आज इंटरनेटवर पाठ असलेले लोक आहेत. पुरुषाला हवी तशी मुलगी होऊन दाखवण्याचा संताप त्यात आहे. एकाच उन्हाळ्यात दोन लेखिकांनी एकच दुखणं मांडलं. एकीने खून-कारस्थानाच्या गोष्टीतून, दुसरीने रोमँटिक कॉमेडीतून. खळबळ कुणी माजवली, ते सांगायला नको.

तिकीटबारीवर काय झालं?

फारसं काही नाही. अमेरिकेत सुमारे २५ लाख डॉलर, आणि जगभरची कमाई मिळूनही एक कोटी डॉलरच्या आत. 'लिटल मिस सनशाइन'ने जगभरात दहा कोटींच्या आसपास कमावले होते, त्यापुढे हा आकडा केविलवाणा दिसतो. जाहिरातीत हा सिनेमा हसरा-खेळकर म्हणून विकला गेला होता. हलकंफुलकं बघायला आलेल्यांना तो टाईपरायटरचा प्रसंग झेपला नाही. ज्यांना तो झेपला असता, ते गोड पोस्टर बघून फिरकलेच नसावेत. हा माझा अंदाज, पण सिनेमा बघितल्यावर तुम्हालाही असंच वाटेल.

थिएटरातून उतरल्यावर मात्र त्याला दुसरं आयुष्य मिळालं. आज हा सिनेमा बघणारे बहुतेक लोक त्याला गोड म्हणत नाहीत. नात्यात दुसऱ्यावर ताबा ठेवणं म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून तो टाईपरायटरचा प्रसंग दाखवला जातो. वागणं आवडलं नाही की दुरुस्त करायचं, मैत्रिणी वाढल्या की अस्वस्थ व्हायचं, आणि हे सगळं 'प्रेमापोटी' म्हणायचं. टाईपरायटर बाजूला काढला तरी बाकीचं ओळखीचं राहतं. त्यात आता लोक चॅटबॉटला स्वभाव, आवडीनिवडी, बोलण्याची ढब ठरवून देतात आणि तासन्‌तास त्याच्याशी गप्पा मारतात. नाही आवडलं तर सूचना बदलायची. २०१२ मध्ये जी कल्पना निव्वळ जादू होती, तिच्याकडे आज कुणी जादू म्हणून बघणार नाही.

झोई कझान आणि पॉल डेनो यांनी पुढे एकत्र 'वाइल्डलाइफ' लिहिला. तो २०१८ ला आला आणि दिग्दर्शन डेनोचं होतं. लग्न मोडताना आई-वडिलांकडे बघणाऱ्या मुलाची ती गोष्ट. तिच्यातली आई, कॅरी मलिगनने केलेली, चुकते, चिडते, स्वार्थीपणा करते आणि एकदाही गोड दिसायचा प्रयत्न करत नाही. 'रुबी स्पार्क्स' आवडला असेल, तर पुढचा सिनेमा म्हणून तो लावा.